संयुक्त मानापमान

संगीताच्या व्यवसायात दोघांची जोडी जमणे अवघड आणि जमलेली टिकणे त्याहून अवघड, हे वाचकांस आम्ही नव्याने सांगावयास नको. विलायतेत गायक-वादकांच्या अशा जोड्या वारंवार उदयास येतात, त्यांच्या एक-दोन ध्वनिमुद्रिका गाजतात, आणि लोकांच्या तोंडी नावे बसतात न बसतात तोच दोघे दोन दिशांस निघून जातात. आमच्या घरातील महाविद्यालयीन चिरंजीव अशाच एका इंग्रज जोडीची गाणी कानास यंत्र लावून ऐकत असतात व ती मोडल्याबद्दल हळहळतात. आपल्याकडे असे कधी घडले होते काय, असे त्यांनी आम्हांस परवा विचारले. प्रश्न विचारणाराच्या मनात उत्तर 'नाही' असेच होते, हे त्याच्या स्वरावरून कळत होते. परंतु घडले होते, आणि असे घडले होते की, शंभर वर्षे लोटली तरी जुन्या घरांतून त्या रात्रीचे नाव निघाल्यावाचून राहत नाही.

शुक्रवार, दिनांक ८ जुलै १९२१. आषाढ नुकताच लागला होता. मुंबईच्या बालीवाला ग्रँड थिएटरात त्या रात्री कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'मानापमान' नाटकाचा प्रयोग झाला. भामिनीच्या भूमिकेत नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व, आणि धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव विठ्ठल भोसले. पहिले गंधर्व नाटक मंडळीचे प्राण, दुसरे ललितकलादर्श मंडळीचे संस्थापक व सर्वेसर्वा. दोन्ही मंडळ्यांतील नट एका रंगभूमीवर आले, म्हणून या प्रयोगास 'संयुक्त मानापमान' असे नाव पडले आणि तेच इतिहासात राहिले.

'संयुक्त' या शब्दाचे मर्म आपणां एकत्र कुटुंबातील मंडळींस अधिक फोड करून सांगण्याचे कारण नाही. एका घरात दोन कर्ते पुरुष असले म्हणजे पहिले पान कोणाचे वाढावयाचे येथपासून विचार करावा लागतो. नाटक मंडळी म्हणजे त्या काळी एक फिरते संस्थानच होते. स्वतःचे स्वयंपाकी, स्वतःचे पडदे, स्वतःचे साजिंदे, स्वतःचे सावकार, आणि मुख्य म्हणजे स्वतःचे भक्त. गंधर्वांचे भक्त ललितकलादर्शाच्या नाटकास गेले तर खोड काढावयास जात, आणि केशवरावांच्या पक्षाचे लोक गंधर्वांच्या गाण्यास 'गोड आहे हो' असे म्हणून गप्प बसत. हे 'गोड आहे हो' कोणत्या सुरात म्हटले जाई ते लिहून दाखविता येत नाही. अशा दोन संस्थानिकांनी एका रात्रीपुरते का होईना, एक छत्र मान्य केले ही साधी गोष्ट नव्हती.

दोघांच्या जन्मांत जेमतेम दोन वर्षांचे अंतर. बालगंधर्वांचा जन्म २६ जून १८८८ चा, केशवरावांचा ९ ऑगस्ट १८९० चा. बालगंधर्वांची कथा आमच्या वाचकांच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. लोकमान्यांच्या मुखातून मिळालेली पदवी, १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत प्रवेश, भास्करबुवा बखल्यांची तालीम, १९१३ साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह काढलेली स्वतःची मंडळी, हे सर्व पाठ असते. (त्या तिघांची भागीदारीही फार काळ टिकली नाही, टेंबे लवकरच बाहेर पडले. जोड्या मोडण्याचा धडा गंधर्वांनी घरातच गिरविला होता.) केशवरावांची कथा मात्र आपल्याकडे अर्धवट सांगितली जाते, म्हणून तिच्याकडे थोडे अधिक लक्ष देऊ.

कोल्हापूरचे हे मराठा कुटुंब. घरची स्थिती अशी की, इतर मुले धुळाक्षरे गिरवितात त्या वयात हा मुलगा जनूभाऊ निमकर यांच्या स्वदेशहितचिंतक मंडळीत पोटासाठी दाखल झाला. शाळेत बसून होणारे शिक्षण त्याच्या वाट्यास आले नाही. बालवयातच गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदा' नाटकातील मुख्य भूमिका त्याच्याकडे आली, आणि त्या भूमिकेने त्याचे नाव महाराष्ट्रभर झाले. येथे क्षणभर थांबले पाहिजे. १८९९ साली रंगभूमीवर आलेले 'शारदा' हे नाटक आपल्याच समाजाचे वाभाडे काढणारे. पैशाच्या लोभाने कोवळी मुलगी जरठाच्या गळ्यात बांधणाऱ्या बापाची ती कथा ब्राह्मणाच्या घरातली, आणि ती पाहून डोळ्यांस पदर लावणाऱ्या स्त्रियाही ब्राह्मणांच्या घरांतल्या. ते अश्रू आणणारा कंठ कोल्हापूरच्या एका गरीब मराठा पोराचा होता. आपल्या घरातील मुलींचे दुःख आपणांस ऐकू यावे म्हणून त्याला गावे लागले, असे म्हटले तर ते आमच्या मते वावगे होणार नाही.

मंडळीत राहून दुसऱ्याचे मिंधे होण्याचा स्वभाव त्यांचा नव्हता. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे त्यांनी ललितकलादर्श मंडळी स्थापन केली. तेव्हा वय पुरते अठराही नव्हते. रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून त्यांनी गायकी घेतली. बुवांची शिस्त कडक आणि गाणे आडदांड. तो पीळ केशवरावांच्या गळ्यात उतरला. वीर वामनराव जोशी यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा', मामा वरेरकरांची 'हाच मुलाचा बाप' व 'संन्याशाचा संसार' ही नाटके त्यांनी रंगभूमीवर आणली. हुंड्याचा प्रश्न आणि धर्मांतरितांस परत घेण्याचा प्रश्न नाटकातून मांडावयाचा, तोही अशा काळी की जेव्हा प्रेक्षक पौराणिक कथा व पदे यांवरच खूश होता, हे धाडस पैसेवाल्या मंडळीस शोभले असते. केशवरावांनी ते पदरमोड करून केले. पुढे स्त्रीभूमिका सोडून ते पुरुषभूमिकांकडे वळले, म्हणूनच १९२१ मध्ये धैर्यधर उभा राहू शकला. दोघेही भामिनीच राहिले असते तर संयुक्त प्रयोगाचा प्रश्नच उद्भवला नसता.

'मानापमान' हे नाटक मूळचे किर्लोस्कर मंडळीचे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस त्याचा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही कन्या निवर्तली होती, आणि तरीही त्यांनी तोंडास रंग लावला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. साकी-दिंडीच्या वळणातून नाट्यसंगीत बाहेर काढून त्यास रागदारीचा व पूर्वेकडील ठुमरी-दादऱ्याचा डौल टेंब्यांनी दिला. कथा थोडक्यात अशी: श्रीमंत घरची मानी भामिनी गरीब सेनापती धैर्यधरास धनहीन म्हणून झिडकारते, तोही अपमान गिळणारा नव्हे, मग तीच वनमालेच्या साध्या वेषात त्याच्यासमोर येते, आणि शौर्य व धन यांतील थोरले कोण हे तिला उमगते. शेजारी लक्ष्मीधर नावाचा धनाढ्य भित्रा आहे, तो हसविण्याचे काम करतो. खाडिलकर हे 'केसरी'तले, 'कीचकवधा'चे कर्ते. ते नाटक सरकारने १९१० मध्ये बंद पाडले, तेव्हा त्यांनी पुढचे नाटक शृंगाराच्या वेष्टनात गुंडाळून दिले, असे आमचे मत आहे. वेष्टन इतके सुंदर निघाले की आतील वस्तूकडे फारसे कोणी पाहिले नाही.

आता ही जोडी जमली कशी? लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. पुढल्या मार्चअखेर बेझवाडा येथे काँग्रेसच्या अखिल भारतीय समितीने ठरविले की, लोकमान्यांच्या नावे एक कोट रुपयांचा टिळक स्वराज्य फंड ३० जून १९२१ पर्यंत उभा करावयाचा. महात्माजींनी त्यासाठी सारा देश पिंजून काढला. या निधीचा फार मोठा वाटा मुंबईने उचलला. त्याच निधीसाठी ८ जुलैचा हा प्रयोग झाला. पुढच्या आसनांचा दर शंभर रुपयांवर गेला, आणि एका रात्रीत सोळा हजारांहून अधिक रुपये जमले. १९२१ सालचे शंभर रुपये म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी त्या काळचे जमाखर्चाचे बाड शिल्लक असेल त्यांनी उघडून पाहावे. आठ-दहा माणसांच्या घराचा महिना त्यात सुखाने निभत असे.

परंतु पैशापेक्षा एक निराळी गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते, आणि ती अशा मासिकात लिहिणे थोडे अवघड आहे. केशवराव हे शाहू छत्रपतींच्या कृपाछत्राखाली वाढलेले कलावंत. कोल्हापुरात वेदोक्ताचा वाद १८९९ च्या सुमारास पेटला होता. छत्रपतींच्या घरी वेदोक्त विधी होऊ नयेत, असा हट्ट धरणारा पक्ष ब्राह्मणांचा, आणि १९०१ मध्ये 'केसरी'ने आपले वजन त्याच पक्षाच्या पारड्यात टाकले होते. त्या हट्टाचे समर्थन आज आमच्याच्याने करवत नाही. संस्कृत शिकवून ज्याने पोट भरले त्याने तर मुळीच करू नये. १९२१ पर्यंत ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद विकोपास गेला होता, आणि छत्रपती हयात होते. ते ६ मे १९२२ रोजी निवर्तले. अशा वेळी कोल्हापूरच्या मराठ्याने, महाराजांच्या आश्रयाखालील नटाने, टिळकांच्या नावाने निघालेल्या निधीसाठी गावे, ही सहज घडणारी गोष्ट नव्हे. त्यांच्या मनात काय चालले असेल हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्यांनी केले काय, एवढे दिसते. ते आले, गायले, आणि आलेला पैसा निधीत गेला.

आणखी एक. नाटक कोणाचे होते? भामिनी ही दहा वर्षे बालगंधर्वांची हक्काची भूमिका. नाटकाचे नाव घेतले की लोकांच्या डोळ्यांपुढे त्यांचीच मूर्ती येई. केशवराव दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या ताटावर बसले होते. आम्ही वर्गात मुलांस संयुक्ताक्षर शिकवीत असू, तेव्हा सांगत असू की, दोन व्यंजने जोडावयाची तर पहिल्यास अर्धे व्हावे लागते, नाहीतर जोड होत नाही. त्या रात्री अर्धे होण्याची तयारी अधिक कोणी दाखविली, याचे उत्तर आम्ही केशवराव असे देऊ. गंधर्वभक्त वाचक रागावतील. आमच्या घरातही एक-दोन आहेत.

मग वरचढ कोण ठरले? हा प्रश्न त्या रात्रीपासून चालू आहे. आठवणी लिहिणाऱ्यांची साक्ष ज्याच्या त्याच्या भक्तीप्रमाणे पडते, त्यामुळे तिचा निवाड्यास उपयोग नाही. बालगंधर्वांचे गाणे लयीच्या अंगाने लडिवाळपणे चालणारे, शब्दास कुरवाळणारे. केशवरावांचे जोरकस, तानेस धारदार, वरच्या स्वरांत निर्भयपणे उभे राहणारे. दोन्ही गुण एकाच मापाने मोजावयाचे म्हणजे मोगऱ्याचा वास आणि सोनचाफ्याचा वास तराजूत घालण्यासारखे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य आपांपसांत श्रेष्ठ कोण म्हणून भांडतात व राजासमोर येतात. परिव्राजिका कौशिकी पंच नेमली जाते. गणदासाची शिष्या मालविका नृत्य करून दाखविते. आता हरदत्ताची पाळी, इतक्यात माध्यान्ह झाल्याची ललकारी होते, विदूषकास भूक लागते, आणि हरदत्ताचा प्रयोग दुसऱ्या दिवसावर ढकलला जातो. तो पुढे नाटकात येतच नाही. राजास मालविका दिसली, त्याचे काम झाले! आमचे विद्यार्थी दरवर्षी विचारीत, गुरुजी, हरदत्ताचे काय झाले? केशवरावांच्या बाबतीत हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

कारण, 'मानापमाना'च्या पाठोपाठ 'सौभद्रा'चाही संयुक्त प्रयोग झाला, आणि पुढे काही घडण्याच्या आतच विषमज्वराने केशवरावांस गाठले. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांचा अंत झाला. वय एकतीस. बालीवाला थिएटरातील त्या रात्रीपासून मोजले तर अवघे ८८ दिवस. जोडी मोडली असे म्हणण्यासही जागा राहिली नाही. दोघांत भांडण झाले नाही, हिशेबावरून वितुष्ट आले नाही, मानापमान झाला नाही. पुन्हा केव्हा तरी गाऊ, एवढा अवकाशच उरला नाही.

त्या रात्रीचा एक सूरही आज उपलब्ध नाही. तेव्हाच्या तबकड्यांवर एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे, तेही कर्ण्यासमोर उभे राहून गायलेले. चालता प्रयोग टिपून ठेवण्याची सोय नव्हती. आमच्या नातेपुत्यास ज्ञानोबारायांची पालखी वर्षातून एक रात्र मुक्कामास असते. गावातील वृद्ध अमुक सालच्या मुक्कामात अमुक कीर्तनकार कसे उभे राहिले ते असे सांगतात की, ऐकणारास कीर्तनच ऐकल्यासारखे वाटते; आणि तीच हकीकत पुढच्या वर्षी थोडी वाढलेली असते. संयुक्त मानापमानाचेही असेच होत आले आहे. ज्यांनी पाहिला त्यांनी सांगितले, ज्यांनी ऐकले त्यांनी पाहिल्याप्रमाणे सांगितले. या वाढीस आम्ही नावे ठेवीत नाही. मात्र तीत बालगंधर्वांचे शालू व अत्तर वाढत गेले, आणि केशवरावांची तान कमी होत गेली, ही आमची तक्रार आहे.

मागे राहिलेल्याचे काय होते, हेही पाहण्यासारखे असते. हिंदी व मराठी चित्रपटसृष्टीत राम-लक्ष्मण ही संगीतकारांची जोडी होऊन गेली. दादा कोंडके यांनी 'पांडू हवालदार'च्या (१९७५) वेळी हे नाव दिलेले. त्यातील राम म्हणजे सुरेंद्र, जोडी जमल्यावर थोड्याच काळात वारले. लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील. त्यांनी पुढे सारे काम एकट्याने केले, 'मैंने प्यार किया' व 'हम आपके हैं कौन' यांसारखी गाजलेली गाणी बांधली, पण नाव मात्र दोघांचेच ठेवले, आणि २२ मे २०२१ रोजी त्याच नावाने ते गेले. अयोध्येची पादुकांची कथा भरताची; लक्ष्मणाच्या वाट्यास ती येथे आली.

बालगंधर्वांस केशवरावांनंतर आणखी पंचेचाळीस वर्षे आयुष्य मिळाले. वैभव आले, त्याहून मोठे कर्ज आले, मंडळी बुडाली, १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले, आणि १५ जुलै १९६७ रोजी पुण्यास त्यांनी देह ठेवला. केशवरावांनी अंतकाळी आपली मंडळी बापूराव पेंढारकरांच्या हाती सोपविली. एका मराठा मालकाने ब्राह्मण सहकाऱ्याच्या ओटीत स्वतःची संस्था घातली, आणि त्या सहकाऱ्याने ती १९३७ मध्ये स्वतः मरेपर्यंत निष्ठेने चालविली. वाद घालणारांच्या सभा तेव्हा गावोगाव भरत होत्या. त्यांच्या वृत्तांतांत या व्यवहाराची नोंद कोठे आढळावयाची नाही. बापूरावांचे चिरंजीव भालचंद्र हे त्याच १९२१ सालच्या नोव्हेंबरात जन्मले, म्हणजे केशवराव गेल्यावर दोन महिन्यांच्या आत. त्यांनीच पुढे ललितकलादर्श पुन्हा उभे केले व 'दुरितांचे तिमिर जावो', 'पंडितराज जगन्नाथ' ही नाटके महाराष्ट्रास दिली. २०१५ मध्ये तेही गेले.

पुण्यास बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली झाले. कोल्हापूरचे नाट्यगृह त्याहून पुष्कळ जुने. शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात बांधविलेल्या पॅलेस थिएटरास १९५७ मध्ये संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह असे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्यास आग लागली आणि रंगमंचासह आतील भाग भस्मसात झाला. दुसरा दिवस ९ ऑगस्टचा, केशवरावांच्या जयंतीचा. जयंतीस हार घेऊन आलेली मंडळी सकाळी जळक्या तुळयांपुढे उभी राहिली. त्याची पुनर्बांधणी हाती घेण्यात आली आहे. ती पुरी होऊन पडदा पुन्हा वर जाईल तेव्हा पहिला प्रयोग कशाचा करावा याविषयी कोल्हापूरकरांस सल्ला देणे आम्हां सोलापूर जिल्ह्यातील लोकांस शोभणारे नाही. तथापि 'शारदा' झाले, तर आम्ही घरातील सुनांसह बसने जाऊन येऊ, असे येथे ठरले आहे.